चिपमधला पाठ

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘साहित्यकृती’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. १९८४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या व्याख्येत संगणकाच्या प्रोग्रामचाही समावेश झाला. कथा, कविता, कादंबरी यांच्या पंक्तीला प्रोग्राम येऊन बसला. म्हणजे नव्वदच्या दशकात नागपुरात, बर्डीवर किंवा सदरमध्ये, व्हिडिओ गेम पार्लरच्या काळोख्या गाळ्यात रुपयाची नाणी टाकून पोरे जे खेळत होती, त्याच्या मुळाशी कायद्याच्या भाषेत एक साहित्यकृती होती.

कायद्याने ही सोय व्यापाराच्या गरजेतून केली, हे उघड आहे. पण गेली काही वर्षे जुन्या गेम-बोर्डांवरच्या मेमरी चिपा वाचण्याचे आणि बदलण्याचे काम करताना मला ही व्याख्या अधिकाधिक पटत गेली. चिपमध्ये एक संहिता असते. ती कुणीतरी लिहिलेली असते. तिच्या नकला होतात, नकलांमध्ये फरक पडतात, काही जागा पुसट होतात, काही ठिकाणी कुणी मुद्दाम हात मारलेला असतो. जुन्या पोथ्यांचे जे होते तेच चिपांचेही होते. फक्त पोथीला शतके लागतात आणि चिपला दशके पुरतात. या लेखात मला ते वाचन कसे करतात हे सांगायचे आहे, आणि दुरुस्तीच्या भरात आपण काय गमावतो आहोत, हेही.

मी शिक्षणाने इंजिनिअर नाही. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसून, ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’चे जुने अंक चाळून आणि चिपांची माहितीपत्रके वाचून शिकलो. त्यामुळे सांगण्याची रीत कारागिराची आहे.

बोर्डावर काय असते

पार्लरमधल्या लाकडी कपाटाचा मागचा दरवाजा उघडला की आत एक पिक्चर ट्यूब, एक पॉवर सप्लाय, नाण्याची पेटी आणि एक मोठा बोर्ड दिसतो. खेळ म्हणजे तो बोर्ड. कपाट तेच ठेवून बोर्ड बदलला की खेळ बदलतो. बोर्डावर एक प्रोसेसर असतो, तात्पुरती मेमरी असते आणि रांगेने बसवलेल्या कायम मेमरीच्या चिपा असतात. वीज गेली तरी या शेवटच्या चिपांतला मजकूर टिकतो. भूत कोणत्या वळणावर वळेल, गुण किती मिळतील, पडद्यावर कोणती अक्षरे उमटतील, हे सगळे तिथेच लिहिलेले असते.

उदाहरण म्हणून सर्वांना ठाऊक असलेला पॅक-मॅन घेऊ. जपानच्या नामको कंपनीने तो १९८० मध्ये आणला. अमेरिकेत मिडवे कंपनीने परवान्याने काढला. त्याच्या बोर्डावर झेड-८० हा प्रोसेसर आहे. संपूर्ण प्रोग्राम चार चिपांत मावतो, प्रत्येकीत ४०९६ बाइट, एकूण १६,३८४. चित्रांसाठी ४०९६ बाइटांच्या आणखी दोन चिपा. रंगांची मूळ यादी फक्त ३२ बाइटांच्या एका चिमुकल्या चिपमध्ये आहे. पॅक-मॅनचा तो पिवळा रंग या ३२ बाइटांतून येतो.

हे आकडे किती लहान आहेत याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब देतो. आजच्या युनिकोड पद्धतीने संगणकात साठवताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला बहुधा तीन बाइट लागतात. पॅक-मॅनच्या प्रोग्रामएवढ्या जागेत हा तुमच्या हातातला लेख निम्मासुद्धा मावणार नाही. आणि तेवढ्याच जागेत लिहिलेला खेळ जगभर खेळला गेला. असा दाट मजकूर असला की एका बाइटाचा फरकसुद्धा मोलाचा होतो. कादंबरीत एक अक्षर गळले तर वाचक सांभाळून घेतो. प्रोसेसर सांभाळून घेत नाही.

भाराची शाई

कायम मेमरीच्या चिपांचे ढोबळमानाने तीन प्रकार या बोर्डांवर भेटतात. पहिला, कारखान्यातच मजकूर कोरून आलेली चिप. ती छापील पुस्तकासारखी, बदलता न येणारी. दुसरा, आतल्या सूक्ष्म फ्यूज-तारा जाळून एकदाच लिहिता येणारी चिप. रंगांच्या याद्या बहुधा हिच्यात असतात. तिसरा प्रकार ईप्रॉमचा. पाठीवर छोटी गोल काचेची खिडकी असलेली ही चिप जुन्या बोर्डांवर सहज ओळखू येते. माझे बहुतेक काम तिच्याशीच येते.

ईप्रॉम १९७१ मध्ये इंटेल कंपनीत डॉव्ह फ्रोमन या अभियंत्याने तयार केली. पहिल्या चिपमध्ये जेमतेम २५६ बाइट मावत. पुढे २७१६, २७३२, २७६४ अशी मालिका आली. मालिकेतले पहिले २७ सोडून उरलेला आकडा किती हजार बिट मावतात ते सांगतो. २७१६ मध्ये १६ हजार बिट, म्हणजे २०४८ बाइट.

तिच्या आत प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर असतो आणि त्यात सिलिकॉनचा एक बारीक तुकडा चारही बाजूंनी काचेसारख्या थरात बंद केलेला असतो. त्याला कुठलीही तार जोडलेली नसते. लिहिताना जास्त दाबाची वीज देतात; जुन्या २७१६ ला २५ व्होल्ट लागत. त्या जोरावर काही इलेक्ट्रॉन थर ओलांडून त्या तुकड्यावर जाऊन बसतात आणि वीज काढली की तिथेच अडकून राहतात. इलेक्ट्रॉन अडकलेले असतील तर ते घर शून्य वाचले जाते, नसतील तर एक. कोऱ्या चिपमध्ये सगळीकडे एकच एक असतात. लिहिणे म्हणजे हव्या त्या जागी शून्ये पाडणे.

पुसण्यासाठी ती काचेची खिडकी असते. साधी काच अतिनील किरण अडवते, म्हणून खिडकी क्वार्ट्झची असते. विशिष्ट दिव्याखाली १५-२० मिनिटे ठेवले की अडकलेल्या इलेक्ट्रॉनांना बाहेर पडण्याएवढी ऊर्जा मिळते आणि चिप पुन्हा कोरी होते. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत एक ताकीद ठळक दिलेली असे: खिडकी उघडी राहिली तर थेट उन्हात साधारण आठवड्यात आणि ट्यूबलाइटच्या सततच्या उजेडात साधारण तीन वर्षांत मजकूर पुसला जाऊ शकतो. म्हणून खिडकीवर कागदी किंवा चंदेरी चिकटपट्टी लावतात. जुन्या बोर्डावरची अशी पट्टी दिसायला मळकट वाटते. ती सोलून टाकू नये.

आता नागपूरचा विचार करा. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. पार्लरचा गाळा पत्र्याचा, कपाट प्लायवूडचे, आत पिक्चर ट्यूब आणि पॉवर सप्लाय दिवसभर तापलेले. उष्णता ही या चिपांची सावकाश चालणारी शत्रू आहे. तापमान जितके जास्त, तितका अडकलेला भार निसटण्याचा वेग जास्त. कारखान्यात चिपांची चाचणीही त्या भट्टीत भाजूनच घेतात, म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांची गळती थोड्या दिवसांत दिसून येते. मग जुलैत दमट हवा येते. काही चिपांच्या पायांवर चांदीचा मुलामा असे, तो काळा पडतो आणि पाय ठिसूळ होऊन मुळापासून तुटतो. पार्लर बंद पडल्यावर हे बोर्ड गोदामात किंवा गच्चीवरच्या खोलीत गेले आणि तिथेही उन्हाळे-पावसाळे चुकले नाहीत.

वाचन

वाचन म्हणजे चिप सॉकेटमधून हलकेच उपसून वाचकयंत्रात बसवायची. यंत्र चिपच्या पत्त्याच्या पायांवर शून्यापासून एकेक क्रमांक देते आणि आठ डेटा-पायांवर येणारा बाइट टिपून घेते. २७१६ साठी ० ते २०४७. सगळा मजकूर संगणकातल्या एका फाइलमध्ये येतो. यंत्राला हे काम क्षणांचे आहे. वेळ जातो तो आधीच्या आणि नंतरच्या कामात.

आधी चिपची जात ओळखावी लागते. इथे नावे फसवतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस २७१६ आणि इंटेलची २७१६ यांच्या पाठीवर आकडा तोच असतो, पण टेक्सासच्या त्या चिपला तीन वेगवेगळे वीजपुरवठे लागतात. तिला इंटेलची समजून यंत्रात घातले तर वाचन मिळत नाहीच, वर चिपच्या जिवाशी खेळ होतो. तसेच २५३२ आणि २७३२. दोघींत ४०९६ बाइट, पण काही पायांची कामे वेगळी. जुनी मोडी कागदपत्रे वाचणाऱ्याला एकाच वळणाचे अक्षर दोन काळांत वेगळे लागते, तसा हा प्रकार आहे.

मग पाय साफ करायचे. बिघाडाचे खापर चिपवर फुटते, पण पुष्कळदा दोषी असतो तो सॉकेटमधला सैल झालेला पत्रा किंवा पायावरची काजळी. हे झाल्यावर मी प्रत्येक चिप किमान तीनदा वाचतो आणि तिन्ही फाइली एकमेकींशी ताडून पाहतो. तिन्ही सारख्या आल्या तर वाचन स्थिर. प्रत्येक फाइलचा एक छोटा अंकठसा काढता येतो, त्याला सीआरसी म्हणतात. मजकुरातला एक बिट जरी बदलला तरी ठसा बदलतो. त्यामुळे दोन दूरच्या गावांतल्या माणसांना अख्खी फाइल न पाठवता एकमेकांच्या प्रती सारख्या आहेत का हे कळते.

अशा ठशांची जगातली सर्वात मोठी यादी ‘मेम’ या प्रकल्पात आहे. निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थाने १९९७ मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली. जुन्या बोर्डांचे वागणे आजच्या संगणकावर हुबेहूब उतरवायचे, हा त्याचा हेतू. त्यासाठी जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या चिपा वाचल्या आणि कोणत्या बोर्डावरच्या कोणत्या चिपचा ठसा काय, याची नोंद होत गेली. आज कुणी चिप वाचली की पहिला प्रश्न हाच असतो: या यादीत हा ठसा आहे का?

असला तर काम संपले असे बहुतेक दुरुस्तीवाले मानतात. नसला तर ‘चिप खराब’ म्हणून ती बाजूला काढतात आणि यादीतली ‘बरोबर’ फाइल नव्या चिपवर लिहून बसवतात. बोर्ड चालू होतो, गिऱ्हाईक खूश होते. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

शून्याचा एक होतो, एकाचे शून्य होत नाही

काही वर्षांपूर्वी नागपुरातल्याच एका बंद पार्लरमधला पॅक-मॅनचा नकली बोर्ड माझ्या हाती आला. मूळ बोर्डावरच्या चार मोठ्या चिपांऐवजी नकलाकाराने २०४८ बाइटांच्या आठ ईप्रॉम वापरल्या होत्या. सात चिपांचे वाचन स्थिर होते. आठवीचे वाचन दर वेळी थोडे वेगळे येई. शिवाय ते मिडवेच्या यादीतल्या मजकुराशी जुळत नव्हते. चिप टाकून देण्यासाठी एवढी कारणे पुरेशी मानली जातात.

पण फरक मोजण्याआधी फरकाची दिशा पाहावी. वर सांगितले तसे, शून्य म्हणजे अडकलेला भार. भार गळतो, आपोआप भरत नाही. म्हणून काळाने झालेली हानी एकाच दिशेने जाते: शून्याचा एक होतो. एकाचे शून्य काळामुळे होत नाही. एखादा पाय तुटला किंवा चिपच्या बाहेर पडणाऱ्या वाटेत बिघाड झाला तर तसे दिसू शकते, पण मग त्या वाटेवरचे सगळेच बिट बिघडतात, ठरावीक पाच-सहा जागांचे नव्हे.

त्या चिपमधले फरक मी दोन ढिगांत वाटले. पहिल्या ढिगात लुकलुकणाऱ्या जागा होत्या: कधी शून्य, कधी एक. या प्रत्येक ठिकाणी यादीत शून्य होते. ही गळतीच. त्यावर एक उपाय आहे. गळालेल्या घरात थोडा भार शिल्लक असतो. पाच व्होल्टवर ते घर सीमेवर उभे असते, म्हणून उत्तर डळमळते. वाचताना पुरवठा थोडा कमी केला, साडेचार व्होल्टच्या आसपास आणला, की उरलेला भार पुरेसा ठरतो आणि घर पुन्हा ठामपणे शून्य सांगते. पुसट पोथी तिरप्या उजेडात धरली की शाईचा ओरखडा दिसतो, तसेच. या चिपने तसे सांगितले. पहिला ढीग संपला.

दुसऱ्या ढिगातले फरक प्रत्येक वाचनात ठाम होते आणि सगळे उलट दिशेचे: यादीत एक, इथे शून्य. ते सलग सहा बाइटांत होते. मूळ पाठात त्या सहा जागी रोमन लिपीत ‘मिडवे’ हे नाव आहे, पडद्यावर हक्काची ओळ दाखवण्यासाठी. रोमन ‘एम’चा संकेत ०१००११०१ असा आहे. या खेळात रिकाम्या जागेचा संकेत आहे ०१००००००. पहिल्यातले तीन एक शून्य केले की दुसरा मिळतो. त्या नावातल्या सहाही अक्षरांचे असेच आहे: काही एकांची शून्ये केली की अक्षर पुसले जाते. म्हणजे चिप कोरी न करता, आहे त्या मजकुरावर नुसती आणखी शून्ये पाडून कंपनीचे नाव नाहीसे करता येते. पॅक-मॅन सुरू होताना स्वतःच्या चिपांची बेरीज करून पाहतो, त्यामुळे नाव पुसणाऱ्याला त्या तपासणीचाही बंदोबस्त करावा लागतो. हे काम काळाचे नाही. ते जाणकार हाताचे आहे.

एकाच चिपमध्ये दोन गोष्टी होत्या: उष्णतेने केलेली हानी आणि माणसाने केलेला बदल. ‘बरोबर’ फाइल लिहून चिप फेकली असती तर दोन्ही एकदमच पुसल्या गेल्या असत्या.

नकलांचे मोल

मराठी वाचकाला या पद्धतीचे नवल वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली. जो पाठ मूळाच्या जवळचा वाटला तो वर घेतला, पण उरलेले पाठभेद फेकले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदवले. आमच्या विदर्भातले उदाहरण तर आणखी जवळचे आहे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ प्रत आक्रमणाच्या धामधुमीत हरवली आणि अनुयायांनी ते स्मरणातून पुन्हा लिहून काढले, असे परंपरा सांगते. त्यातून पाठांची अनेक कुळे निघाली. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९७८ मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. अशा कामात ‘ही पोथी चुकीची, टाकून द्या’ असे म्हणता येत नाही. पोथी का वेगळी आहे, हे विचारावे लागते.

गेमच्या जगातही क्षेपकांनी इतिहास घडवला आहे. ‘मिस पॅक-मॅन’ हा पुढे गाजलेला खेळ मुळात अमेरिकेतल्या जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशनच्या तरुणांनी पॅक-मॅनच्या बोर्डासाठी तयार केलेला फेरफार होता. मिडवेने तो स्वीकारला आणि १९८२ मध्ये स्वतंत्र खेळ म्हणून बाजारात आणला. ‘हँगली-मॅन’ नावाच्या नकली पॅक-मॅनमध्ये चक्रव्यूहाच्या भिंती मधेच अदृश्य होतात. हा कुण्या नकलाकाराचा खोडसाळपणा, पण ज्यांनी लहानपणी तोच खेळला त्यांच्यासाठी तोच पॅक-मॅन.

मूळ लेखकाच्या चुकाही जपाव्या लागतात. पॅक-मॅनमध्ये पातळीचा आकडा एका बाइटात ठेवलेला आहे आणि बाइटात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. म्हणून २५६ व्या पातळीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि चित्रांच्या कचऱ्याने भरून जातो. नवी चिप लिहिताना ही चूक सुधारणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. पण मग तो जीर्णोद्धार राहत नाही.

आपल्याकडच्या पार्लरांत मूळ कंपनीचे बोर्ड थोडे आणि नकला फार, असे माझ्या पाहण्यात आहे. नकला करणे हा कायद्याने गुन्हाच आणि कुणाच्या तरी श्रमाची चोरीही. तरी आमच्या शहरातली पोरे जे खेळली ते त्या नकलांवर. १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ इथे त्यातल्या एका पात्राच्या नावाने, ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला गेला. मूळ नाव कित्येकांना आजही ठाऊक नाही. या खेळाच्या ज्या प्रती आपल्या गावांत फिरल्या, त्यांच्यात काय बदल होते, जीव किती वाढवले होते, कोणती नावे पुसली होती, हे फक्त त्या प्रतींच्या चिपांत लिहिलेले आहे. मूळ खेळ जगाने जपून ठेवला आहे. आपली प्रत जपणारे दुसरे कुणी येणार नाही.

कुलूपबंद पाठ

काही कंपन्यांनी नकलांवर उपाय म्हणून मजकूर सांकेतिक केला. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ पासूनच्या सीपीएस-२ या बोर्डांवर चिपांतला प्रोग्राम कुलूपबंद असतो. त्याची किल्ली एका छोट्या मेमरीत असते आणि ती मेमरी बॅटरीवर जगते. बॅटरी संपली की किल्ली जाते आणि प्रोसेसरला स्वतःचाच प्रोग्राम वाचता येईनासा होतो. चिपांतला मजकूर शाबूत, पण अर्थ गेलेला. वर उल्लेखलेल्या ‘मुस्तफा’च्या अस्सल बोर्डावरही ध्वनीच्या प्रोसेसरसाठी अशीच बॅटरी आहे.

महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या होत्या. त्या लिपीची किल्ली संप्रदायाबाहेर फार काळ कुणाला माहीत नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती उलगडली आणि प्राचीन मराठी गद्याचे दालन अभ्यासकांना खुले झाले. सीपीएस-२ चे कुलूप २००७ मध्ये निकोला साल्मोरिया आणि त्याच्या एका सहकाऱ्याने गणिताने उघडले. त्यामुळे मेलेल्या बॅटरीचे बोर्ड आज पुन्हा जिवंत करता येतात. मात्र त्यासाठी त्या बोर्डावरच्या चिपा आधी कुणीतरी नीट वाचलेल्या असाव्या लागतात.

बदली चिप

वाचन झाले, निदान झाले, आता बदली. जुन्या २७१६ आज तयार होत नाहीत. बाजारात मिळतात त्या जुन्या बोर्डांवरून उपसलेल्या किंवा गोदामात पडून राहिलेल्या. काहींचा मूळ आकडा घासून वर दुसराच छापलेला असतो, म्हणून घेतलेली चिप आधी पुसून, लिहून, ताडून पाहावी.

सोपा मार्ग विजेवर पुसता येणाऱ्या नव्या चिपांचा आहे. २८सी१६ ही चिप २७१६ च्या सॉकेटमध्ये बसते. तिच्या २१ व्या पायाचे काम ‘लिहू का’ हे विचारण्याचे आहे. २७१६ च्या सॉकेटमध्ये त्या पायाला वाचताना पाच व्होल्ट मिळत असतात आणि त्याचा अर्थ नव्या चिपसाठी ‘लिहू नकोस’ असा होतो. म्हणून बोर्डावर काही न बदलता काम भागते. २७२५६ ऐवजी दुप्पट मोठी २७५१२ बसवायची तर मजकूर दोनदा, एकामागे एक लिहायचा. पहिल्या पायावर जुन्या चिपला स्थिर वीज मिळे, तोच पाय नव्या चिपमध्ये पत्त्याचा असतो. दोन्ही अर्ध्यांत तोच मजकूर असला की पाय कोणताही अर्धा निवडो, खेळ चालतो. फ्यूज-तारांच्या छोट्या रंग-चिपांचे मात्र अवघड आहे. त्यांच्या कोऱ्या प्रती दुर्मिळ झाल्या आहेत, आणि मिळाली तरी एकदाच लिहिता येते.

नव्या चिपमध्ये काय लिहायचे, हा खरा निर्णय. त्या पार्लरच्या बोर्डासाठी मी यादीतली फाइल घेतली नाही. गळलेली शून्ये परत भरली, कारण ती काळाने नेली होती. पुसलेले नाव पुसलेलेच ठेवले, कारण ते माणसाने पुसले होते. जुनी चिप काळ्या फोममध्ये खोचून, पट्टीसह, अंधाऱ्या डब्यात ठेवली आणि सोबत एका कागदावर कोणता बाइट कोणत्या कारणाने बदलला याची नोंद केली. बोर्ड चालतो. त्यावर मिडवेचे नाव येत नाही, जसे तेव्हाही येत नसे.

यात कायद्याची बाजू टाळता येत नाही. प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नाश किंवा हानीपासून बचावासाठी राखीव प्रत करण्याची मुभा आपल्या कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे. नकली बोर्डाला ती मुभा लागू होईल असा दावा मी करणार नाही. पण काळाचा एक हिशेब लक्षात घ्यावा असा आहे. आपल्याकडे साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ईप्रॉमचा भार तेवढी वाट पाहत नाही. हक्क संपून मजकूर सर्वांचा होईल त्या दिवशी चिप कोरी झालेली असेल. तोपर्यंत ती कुणी वाचलीच नाही, तर संरक्षण कशाचे झाले?

म्हणून या विषयात रस नसलेल्या वाचकांनाही एक विनंती. तुमच्या ओळखीत कुणाकडे बंद पार्लरचे कपाट, हॉटेलातले जुने गेम-टेबल किंवा नुसते बोर्ड पडून असतील, तर ते चालू करून पाहण्याची घाई करू नका. जुना पॉवर सप्लाय चुकीचा दाब देऊन चिपा जाळू शकतो. धुऊ नका. चिपांवरच्या पट्ट्या काढू नका. त्यांच्यावर कधी बॉलपेनने आकडा असतो, कधी मेकॅनिकची खूण, आणि तीही त्या प्रतीची माहितीच आहे. बोर्ड कोणत्या वस्तीत, कोणत्या वर्षांत चालत होता, लोक त्या खेळाला काय म्हणत, हे चालवणाऱ्या काकांना विचारून लिहून ठेवा. मग वाचता येणाऱ्या माणसाकडे न्या, आणि दुरुस्तीआधी तीनदा वाचायला सांगा.